मुराळी गेला नाही ती आखाजी

आमच्या असोद्याचं ऊन असं, की वैशाखात दुपारी घराबाहेर पडलात तर तुमची सावलीसुद्धा ओट्यावर थांबते. म्हणते, तुम्ही व्हा पुढे, मी संध्याकाळी येते. हे मी गेली तीसेक वर्षं सांगत आलोय. जळगावचे पाहुणे हसतात. धुळ्याचे पाहुणे म्हणतात, आमच्याकडे ती ओट्यावरही थांबत नाही, आत माठाजवळ जाऊन बसते. खान्देशात थाप मारायची तर समोरच्याकडे त्याहून मोठी तयार आहे हे धरूनच मारावी लागते.

आमचं घर तर या धंद्यात पिढीजात. आमचे आबा, म्हणजे वडील, एकदा बोदवडला लग्नाला गेले आणि परतीची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली. आबा रुळाच्या कडेनं पायी निघाले. जळगाव स्टेशनात पोचले, तोंड धुतलं, चहा घेतला आणि त्याच गाडीची वाट बघत बाकावर बसले. गाडी आली तेव्हा ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं आणि मान खाली घातली. ही गोष्ट आबांनी मरेपर्यंत सांगितली आणि दर वेळी गाडी थोडी आणखी उशिरा आली. आईचं तंत्र वेगळं. तिच्याकडे लहान शब्दच नव्हते. भाजीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर, "माय वं, मी तं समुद्र ओतला." डोकं दुखलं तर, "मेली रे मी." आमची आई दिवसातून सहा वेळा मरायची आणि प्रत्येक वेळी भाकरी टाकायला उठायची.

अशा घरात माझी अक्का जन्माला आली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला जे वाटायचं ते खरोखरच तेवढं मोठं वाटायचं. पण जिथं सगळेच ओरडून बोलतात तिथं खरी हाक कोणती हे कळायचं कसं? आम्हाला वाटलं, पोरगी घराण्यावर गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा दारच्या निंबाला झोका बांधायचे. अक्का मला फळीवर बसवून मागून असा झोका द्यायची, की वर गेलो की मला बोदवडच्या स्टेशनावर कोण उतरतंय ते दिसायचं. "सांग, कोण उतरलं?" ती खालून विचारायची. मी कुणाचंही नाव ठोकून द्यायचो. ती पोट धरून हसायची आणि माझ्या तोंडात सांजोरी कोंबायची, ती आखाजीची गोड सारणाची तळलेली पुरी. म्हणायची, "तू माझा राजा. तुझ्यासारखा भाऊ तिन्ही लोकांत नाही."

मग मी शेजारच्या पोरीला झोक्यावर एक पाळी दिली की संपलं. अक्काचा चेहरा असा व्हायचा, जसा कुणी घरातला दिवा उचलून नेला. ती आत कोठीमागे जाऊन बसायची. "जा तिच्याकडेच. मी मेली तुला." दुपारभर बोलणं नाही, पाणी नाही. आणि ऊन उतरायच्या आत तीच बाहेर येऊन माझा हात घट्ट धरायची. "मी वाईट आहे रे. मला सोडून जाऊ नको." मी सहा वर्षांचा. मी जाऊन जाऊन कुठं जाणार होतो?

आई म्हणायची, "पित्ताची पोर हाये." आबा म्हणायचे, "घडीत तोळा, घडीत मासा." आणि निकाल लागल्यासारखे दोघं आपापल्या कामाला लागायचे.

अक्काचं लग्न धुळ्याला झालं. दाजी एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला, मूळचे सोनगीरचे, बोली अहिराणी आणि तीही तोलून मापून. आमच्या गोतावळ्यात हा माणूस म्हणजे आठवडी बाजारात मौनव्रत. त्यांचं सगळं बोलणं तीन शब्दांत मावायचं: "बठ्ठं ठीक शे," म्हणजे सगळं ठीक आहे. अक्कानं ताट भिरकावलं तरी बठ्ठं ठीक शे, दुसऱ्या दिवशी तेच ताट घासून त्यात पुरणपोळी वाढली तरी बठ्ठं ठीक शे. मूल झालं नाही. त्याबद्दल त्या दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही आणि आम्हीही, नवलच म्हणायचं, त्यावर एकही गोष्ट रचली नाही.

मोबाइल आले तशी अक्का रोज माझ्या दुकानात येऊन बसल्यासारखी झाली. माझं दुकान पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे त्यांना नवी तार गुंडाळून द्यायचं. हातात तांब्याची तार आणि खांदा-कानाच्या मध्ये फोन. आठला फोन: "तू होतास म्हणून मी जगले रे." साडेनवाला: "काल फोन तू आधी ठेवलास. कंटाळा आला असेल तर सांग, नंबर पुसून टाक माझा." अकराला नुसता श्वास. मग हळूच, "आत काहीच नाहीये. रिकामा डबा असतो ना, तसं." एकला एकदम उत्साहात: "ऐक, मी शिवणाचा क्लास काढतेय. दहा मशिनी घेणार." मी चारला आपणहून फोन केला आणि विचारलं, "मग क्लासचं काय?" तर म्हणे, "काबरं हसतोस मला? तुलासुद्धा हसूच येतं ना?"

आणि मी हसत होतो, हे खरंच आहे. असोद्याची वांगी म्हणजे भरताची वांगी. हिवाळ्यात शेतात भरताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या, वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. वांगी भाजेपर्यंत लोकांना काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे मी. मी तिथं अक्काचे फोन करून दाखवायचो. आठचा फोन, साडेनवाचा, अकराचा. एका वर्षी सहा फोनांचे मी छत्तीस केले. आवाज तर असा काढायचो की शेतातला कुत्रा शेपूट हलवत तिला शोधायला निघाला. लोक काड्यांवर लोळायचे बाकी राहायचे.

एका पार्टीला अक्काही होती, बायकांमध्ये बसलेली. माझ्या ते गावीही नव्हतं. माझं आटोपल्यावर सगळ्यांत जास्त तीच हसली. डोळे पुसत म्हणाली, "मस्त करतो रे. मी मेल्यावर बी असाच करून दाखवशील ना?" लोक पुन्हा हसले. मी म्हणालो, "तू मेल्यावर कोण फोन करेल मला? धंदाच बसेल माझा." त्यावर तर वाहवा झाली. जेवायला बसलो तेव्हा अक्काच्या पानात भरीत तसंच होतं. तिची वहिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, तिखट लागलं असेल.

आता मुराळ्याचं सांगतो, कारण गोष्ट सगळी त्याचीच आहे. आखाजीला आमच्याकडे सासरच्या लेकी माहेरी येतात. पण लेक आपली आपण उठून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला म्हणतात मुराळी. बाप जाईल, भाऊ जाईल, भाचा जाईल, कुणीतरी गेलंच पाहिजे. जिच्या दारात मुराळी आला नाही, तिचं माहेर संपलं असं गल्ली धरून चालते. आबा गेले, त्यामागून आई गेली, आणि अक्काचा मुराळी मीच उरलो. दर आखाजीला पहाटे निघायचं, जळगावहून एरंडोल, पारोळा करत दहाच्या गाडीनं धुळ्याला उतरायचं आणि तिला घेऊन दुपारच्या जेवणाला असोद्यात हजर.

आखाजीच्या आधी चार दिवस अक्काचा फोन ठरलेला. "या वर्षी नको येऊ."

"बरं. किती वाजता नको येऊ?"

"दहाच्या गाडीनं नको येऊ."

"नाश्ता काय नको करू?"

"पोहे करणार नाहीये मी."

मी दहाच्या गाडीनं उतरायचो. घरी पोह्यांचा वास आणि दारामागे तिची निळी बॅग भरून ठेवलेली. मला बघून ती म्हणायची, "कशाला आलास उन्हाचा? मी नको म्हटलं होतं." आणि माझ्या आधी चपला घालायची. अशा किती आखाज्या झाल्या? लोकांना मी शंभर सांगतो. आईमागून अकरा झाल्या. तिचं नको म्हणजे काय, हे जगात एका माणसाला नक्की ठाऊक होतं. तो माणूस मी.

मग ती बारावी आखाजी.

त्या वर्षी माझ्या मुलीला बघायला जळगावचे पाहुणे येऊन गेले होते. पसंती झाली होती आणि आखाजीच्या मुहूर्तावर ते जेवायला येणार होते. हे मी अक्काला सांगितलं नाही. आधी एका लग्नात असं झालं होतं की तिनं सकाळी नवरीच्या आईला गळामिठी घालून "तू माझी बहीण" म्हटलं आणि दुपारी तिच्या पंगतीला बसायला नकार दिला. त्या बाईनं पान वाढताना तिच्याकडे पाहिलं नाही म्हणून. मला माझ्या पाहुण्यांसमोर ते नको होतं. सरळ लिहितो: मला माझी बहीण त्या दिवशी घरात नको होती. कसं टाळावं एवढंच सुचत नव्हतं.

अक्काला कुठूनतरी कळलं. फोन आला तेव्हा मी दुकानात मोटार उघडून बसलो होतो.

"पोरीचं जमलं म्हणे."

"अगं, अजून तसं पक्कं नाही..."

"माझ्या अंगाखांद्यावर वाढली ती. मला परक्याकडून कळावं? आखाजीला येऊ नको. तुझी बहीण मेली असं समज."

इथं मी विचारायला हवं होतं, किती वाजता नको येऊ. अकरा वर्षं मी तेच विचारत होतो. प्रश्न अगदी जिभेवर आला होता. मी म्हणालो, "बरं."

"बरं म्हणजे?"

"नाही येत."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिच्याकडे कुकरची शिटी झाली, ती ऐकू आली. मी तार गुंडाळत राहिलो. मग फोन बंद झाला आणि मला, खोटं कशाला बोलू, मोकळं वाटलं. तिनंच सांगितलं होतं ना. मी तर फक्त ऐकलं. आयुष्यभर जिचं बोलणं निम्म्यानं कमी करून घेतलं, तिचं एक वाक्य मी तेवढंच्या तेवढं खरं धरलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

आखाजी उजाडली. सकाळी मी आई-आबांच्या नावानं पाण्याची घागर भरली आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. आमच्यात गेलेल्या माणसांसाठी ते करतात. डांगर ठेवताना अक्काचं वाक्य आठवलं. हात थांबला नाही, हेही लिहून ठेवतो. बाहेर पोरी निंबाच्या झोक्यावर होत्या. पाहुणे आले. होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं, "तुमच्या भगिनी दिसत नाहीत?" मी म्हणालो, "त्यांचं काय, आमचे दाजी बहिणीला इतके जपतात की आखाजीला सोडायचं म्हणजे सोनगीरच्या किल्ल्यावरून तोफ डागून परवानगी घ्यावी लागते. या वर्षी तोफ ओली निघाली." पाहुणे हसले. व्याही म्हणाले, "भाऊ, तुमच्या घरी करमणुकीला कमी नाही."

सहाच्या सुमारास दाजींचा फोन आला. ते सकाळी सोनगीरला गेले होते, त्यांच्या वडिलांची घागर तिथं भरायची असते.

"भाऊ, पोचनात का बठ्ठा?"

"कोण बठ्ठे?"

"तुमी आन ती. ती तं सकायमाच निंघनी, बॅग लई. भाऊले घर येवाले ऊन चढी जाई, उनमां कसाले चाली म्हने, मीच ष्ट्यांडवर बसस."

मी म्हणालो, "दाजी, मी आलोच नाही."

दाजी बठ्ठं ठीक शे असंसुद्धा म्हणाले नाहीत. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढचं थोडक्यात सांगतो. ती वाचली, हे आधी सांगतो. दाजी धुळ्यात पोचले तेव्हा ती घरात होती. बॅगेतले कपडे काढून, घड्या घालून तिनं कपाटात लावले होते आणि त्यानंतर स्वतःला इजा करून घेतली होती. कशी, ते मी लिहिणार नाही आणि कुणाला सांगितलेलंही नाही. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखाना जवळ होता. मी पोचलो तेव्हा ती झोपली होती आणि दाजी दाराबाहेर स्टुलावर, हातात तिच्या चपला घेऊन.

आठ-दहा दिवसांनी मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. वयानं माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या असतील. वही उघडून म्हणाल्या, "बहिणीचा मूड दिवसातून किती वेळा बदलतो?"

"पन्नास हजार वेळा," मी म्हणालो. सवय.

त्यांनी मान वर केली नाही. "पन्नास हजार लिहू?"

"नाही हो. असेल पाच-सहा."

"पाच की सहा?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे खरा आकडा मागत होतं. "सहा," मी म्हणालो. "कधी सात."

"एक मूड किती वेळ राहतो? आठवडा, दोन आठवडे, असं कधी झालंय?"

"छे. दोन तास, तीन तास. एखादा दिवस पूर्ण, पण क्वचित."

"बदलायच्या आधी काय घडतं?"

मी विचार केला. फोन आधी ठेवला. झोक्यावर दुसरीला बसवलं. पान वाढताना पाहिलं नाही. एकेक सांगत गेलो आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की सगळ्यांचा अर्थ एकच निघतो. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी आपल्याला सोडून जातंय असं वाटलं की." मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मी म्हणालो, "डॉक्टर, आम्ही आजवर याला नाटक..." त्यांनी हात वर केला. "तो शब्द या खोलीत नको. तुम्ही असोद्याचे ना? वैशाखात दुपारी डांबरी रस्त्यावरून सगळे जातात, चपला घालून. तुमच्या अक्का अनवाणी जातात. रस्ता तोच, ऊन तेच. त्या ओरडल्या तर तुम्ही म्हणता, आम्हीही चाललोच की."

मी माझ्या पायातल्या चपलांकडे बघितलं.

"त्या वाढवून सांगत नाहीत. त्या क्षणी त्यांना तेवढंच वाटत असतं. तुम्ही राजा आहात म्हणाल्या तेव्हाही आणि बहीण मेली समज म्हणाल्या तेव्हाही."

म्हणजे आमच्या घरात एकच माणूस कधी थाप मारत नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच माणसाला थापाडं ठरवलं होतं.

बाईंनी अक्काला त्या दिवसाचं तासातासानं लिहायला सांगितलं होतं. पुढच्या भेटीत अक्कानं ते माझ्यासमोर वाचलं. वही दोन्ही हातांत धरून, शाळेत वाचतात तसं. ती साडेनऊला स्टँडवर बसली, जळगावच्या गाड्या लागतात त्या फलाटासमोरच्या बाकावर. खूप आनंद होता. दहाच्या गाडीतून मी उतरलो नाही तेव्हा तिला माझी काळजी वाटली. पोरीच्या गडबडीत एक गाडी चुकली असेल बिचाऱ्याची. साडेदहाला पुन्हा आनंद, कारण गाडीतून माझ्यासारखाच शर्ट उतरला. अकराला इतका राग, की मी समोर असतो तर चप्पल मारली असती. साडेअकराला त्या रागाची शरम. भावाला चप्पल मारायचा विचार करणारी मी कसली बहीण. त्या गाडीच्या दारापर्यंत ती गेली, पाया पडायचं ठरवून. बारापासून एकपर्यंत आत काहीच नव्हतं. समोरून माणसं जात होती ती काचेपलीकडची वाटत होती. एकला एका अनोळखी बाईनं काकडीची फोड दिली आणि तिला जग इतकं चांगलं वाटलं की रडू आलं. तिनं पुन्हा बसायचं ठरवलं. मग पुन्हा गाडी, पुन्हा मी नाही. अशा चौदा गाड्या आल्या. दर गाडीला अक्काचं नवं मन तयार झालं आणि दर गाडीला ते मोडलं. पावणेपाचला ती उठली. त्या वेळचं तिनं लिहिलं होतं, "आता बरं वाटतंय. आता कुणाची वाट नाही." बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली होती.

मी विचारलं, "अक्का, एक फोन तरी करायचा."

"मीच नको म्हटलं होतं ना," ती म्हणाली. "मग कुठल्या तोंडानं बोलावू?"

त्याला आता सहा वर्षं झाली. अक्काचे उपचार चालू आहेत. औषध थोडं, मुख्य म्हणजे दर आठवड्याला बाईंशी बोलणं आणि ती वही. राग आला की काय करायचं, रिकामं वाटलं की कुणाला सांगायचं, हे ती शिकली, जसं कुणी उतारवयात पोहायला शिकतं, नाकातोंडात पाणी घेत. दाजी तिच्यासोबत जाऊन बसतात. आता ते "बठ्ठं ठीक शे" म्हणत नाहीत, विचारतात, "कितला वाजापाइन असं व्हई राहिनं?" म्हणजे किती वाजल्यापासून असं होतंय. मूड अजून वरखाली होतो, पण वरून एकदम दरीत जात नाही. दिवसाला एखादा फोन येतो. ती बरी होतेय, बाई म्हणतात, आणि मला ते दिसतं.

भरताच्या पार्टीत मी तिचे फोन करून दाखवत नाही. लोक म्हणतात, भाऊ, ते जुनं काढा ना. मी बोदवडची गाडी काढतो.

आणि आखाजीला मी जातो. न चुकता. पण आधी चार दिवस फोन मलाच करावा लागतो.

"अक्का, आखाजीला येतोय."

"जमलं तर ये," ती म्हणते. आवाज सपाट, शांत, गाडीचं वेळापत्रक सांगितल्यासारखा.

गेल्या वर्षी मी मुद्दाम विचारलं, "किती वाजता नको येऊ?"

ती थोडं थांबली. मला वाटलं, आता म्हणेल. म्हणाली, "तुझ्या सोयीनं ये. ऊन टाळून."

तिनं मला शिव्या द्याव्यात, बहीण मेली समज म्हणावं, यासाठी मी काय दिलं असतं. ते बोलणं माझ्यावरच्या भरवशाचं होतं. बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, शांत बोलणं हे सुधारल्याचं लक्षण आहे. असेलही. अक्काचं सुधारलं तेच माझं तुटलं, असंही असू शकतं ना?

या आखाजीला मी साडेनऊच्या आधीच धुळ्यात उतरलो. घरी लगेच गेलो नाही. फलाटासमोरच्या त्या बाकावर बसलो. ठरवलं होतं, पावणेपाचपर्यंत बसायचं. जळगावची दहाची गाडी आली, साडेदहाची आली. प्रत्येक गाडीतून लेकी उतरत होत्या, मुराळी पुढे, बॅगा त्यांच्या हातात, लेकी मागून मोकळ्या हातानं बडबड करत. अकराच्या गाडीनंतर पुढच्या गाडीकडे बघवेना. साडेअकराला मी उठलो आणि अक्काच्या घराकडे चालू लागलो.

दारामागे बॅग नव्हती. गेली पाच वर्षं नसते. ती आताशा असोद्याला येत नाही. जमेल तेव्हा बघू, म्हणते. मी सांजोऱ्यांचा डबा ठेवला. तिनं पाणी दिलं.

"उशीर झाला?"

"स्टँडवर बसलो होतो," मी म्हणालो. "तुझ्या बाकावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. "किती वेळ?"

तोंडात "दिवसभर" आलं होतं. आबा असते तर दोन दिवस म्हणाले असते. "दोन तास," मी म्हणालो. "पूर्ण बसवलं नाही."

तिनं डबा उघडला, एक सांजोरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. तोंडात कोंबली नाही.

"दोन वाजले की त्या बाकावर ऊन येतं," ती म्हणाली. "पाठ भाजते. बसायचंच असेल तर भिंतीकडच्या बाकावर बसत जा."